मान्यता म्हणजे संमती नव्हे : अमेरिकेतील १९५४-५५ च्या चीन-ठरावाचे प्रकरण

१९५४ च्या शरद ऋतूत अमेरिकेतील महाविद्यालयीन वादविवादाचा हंगाम सुरू झाला, तेव्हा देशभरच्या स्पर्धकांपुढे वर्षभरासाठी एकच ठराव होता : अमेरिकेने चीनच्या कम्युनिस्ट सरकारला राजनैतिक मान्यता द्यावी. वर्षाला एकच राष्ट्रीय विषय घ्यायचा आणि त्यावर प्रत्येक चमूने काही फेऱ्यांत अनुकूल तर काही फेऱ्यांत प्रतिकूल बाजू मांडायची, ही पद्धत तोवर चांगली रुळलेली होती. या वर्षी मात्र वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी आणि अ‍ॅनापोलिसची नौदल अकादमी यांनी आपले विद्यार्थी अनुकूल बाजूने उभे करण्यास नकार दिला, आणि पाठोपाठ नेब्रास्का राज्यातील शिक्षक-महाविद्यालयांनी तोच मार्ग धरला. जिथे दोन्ही बाजू मांडणे बंधनकारक असते तिथे एक बाजू नाकारणे म्हणजे विषयच नाकारणे होय. प्रकरण वर्तमानपत्रांत गाजले, पत्रकार एडवर्ड मरो यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमापर्यंत पोचले, आणि एरवी प्रशिक्षकांच्या बैठकीबाहेर न पडणारा एक प्रश्न चारचौघांत आला : जे आपल्याला पटलेले नाही, ते विद्यार्थ्याने व्यासपीठावरून ठासून मांडावे का?

या प्रकरणाकडे सहसा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा एक किस्सा म्हणून पाहिले जाते. भित्र्या संस्था एका बाजूला आणि निर्भय प्रशिक्षक दुसऱ्या बाजूला. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. ठरावाच्या मजकुरात शिरून पाहिले तर असे दिसते, की ज्या भेदावर अनुकूल बाजूचा सारा युक्तिवाद उभा होता, नेमका तोच भेद बंदी घालणाऱ्यांच्या नजरेतून निसटला होता.

वातावरण

चिनी लोकसत्ताक राज्याची घोषणा १ ऑक्टोबर १९४९ रोजी झाली. भारताने त्या सरकारला ३० डिसेंबर १९४९ रोजी आणि ब्रिटनने ६ जानेवारी १९५० रोजी मान्यता दिली. अमेरिकेच्या लेखी मात्र चीनचे सरकार म्हणजे तैवानला गेलेले चँग कै-शेक यांचे सरकारच राहिले. मग कोरियाचे युद्ध झाले, चिनी फौजा अमेरिकी सैन्यासमोर उभ्या ठाकल्या, आणि फेब्रुवारी १९५१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने चीनला आक्रमक ठरवले. युद्धबंदी जुलै १९५३ मधली. म्हणजे ठराव आला तेव्हा तिला सव्वा वर्षही पुरते झाले नव्हते. आपल्याकडे त्याच १९५४ साली चीनशी झालेल्या पंचशील कराराचा उत्साह होता, हे लक्षात घेतले तर एकच प्रश्न दोन देशांत किती वेगळ्या हवेत तरंगत होता ते कळते.

देशांतर्गत हवा आणखी तापलेली होती. लष्करात कम्युनिस्ट शिरले आहेत असे म्हणणारे सिनेटर मॅकार्थी आणि लष्कर यांच्या परस्परांवरील आरोपांची सुनावणी १९५४ च्या एप्रिल ते जून या काळात दूरचित्रवाणीवरून देशाने पाहिली होती. वेस्ट पॉइंटच्या वरिष्ठांनी नकाराचे कारण म्हणून मॅकार्थींचे नाव घेतले नाही. राष्ट्रीय धोरण आधीच ठरलेले आहे, भावी अधिकाऱ्यांनी त्याविरुद्ध जाहीर प्रतिपादन करणे योग्य नव्हे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. तरीही नुकतेच चौकशीच्या पिंजऱ्यातून बाहेर पडलेले लष्कर, आपला एखादा गणवेशातला विद्यार्थी लाल चीनच्या बाजूने बोलताना छायाचित्रात दिसण्याची शक्यता किती निर्धास्तपणे स्वीकारेल, याचा अंदाज बांधायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. योगायोग असा, की सिनेटने मॅकार्थी यांच्या निषेधाचा ठराव ६७ विरुद्ध २२ मतांनी संमत केला तो दिवस आणि अमेरिकेने तैवानच्या सरकारशी परस्पर-संरक्षणाचा करार केला तो दिवस एकच होता : २ डिसेंबर १९५४. वादविवादाचा हंगाम तेव्हा ऐन भरात होता.

ठराव स्पर्धकाच्या टेबलावर

त्या काळची फेरी साधारण तासाभराची असे. दोन्ही चमूंत दोन-दोन वक्ते. प्रत्येकाला प्रतिपादनासाठी दहा मिनिटे आणि खंडनासाठी पाच मिनिटे. सुरुवात अनुकूल बाजू करते आणि शेवटही तीच करते. त्याची भरपाई म्हणून मध्यंतरी प्रतिकूल बाजूला सलग दोन भाषणे मिळतात, दहा मिनिटांचे प्रतिपादन आणि लगेच पाच मिनिटांचे खंडन. या पंधरा मिनिटांच्या माऱ्यानंतर अनुकूल बाजूच्या पहिल्या खंडनकर्त्याला पाच मिनिटांत सगळे आवरावे लागते. कोणत्याही अनुभवी प्रशिक्षकाला विचारा, फेऱ्या बहुधा याच पाच मिनिटांत हरल्या जातात.

सिद्धतेचा भार अनुकूल बाजूवर असतो. ही कल्पना रिचर्ड व्हेटली यांच्या १८२८ च्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथातून वादविवादाच्या सिद्धांतात आली : जे चालू आहे ते चालू राहावे असे गृहीत धरायचे, आणि बदल मागणाऱ्याने त्या बदलाची गरज सिद्ध करायची. त्यामुळे अनुकूल बाजूला ठरलेल्या काही पायऱ्या चढाव्याच लागतात. सद्यस्थितीत गंभीर दोष आहे. तो दोष धोरणातच मुरलेला आहे, किरकोळ डागडुजीने जाणारा नाही. सुचवलेला उपाय तो दोष खरोखर घालवतो. आणि उपायातून त्याहून मोठे नुकसान होत नाही. यांतली एक पायरी तोडली तरी प्रतिकूल बाजू जिंकते. तिला स्वतःचा पर्याय द्यावाच लागतो असे नाही. मराठीत ‘वितंडवाद’ ही शिवी आहे. न्यायसूत्रांत, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राच्या मूळ ग्रंथात, मात्र स्वपक्षाची स्थापना न करता केवळ परपक्ष पाडणे ही वितंडेची चोख व्याख्या आहे, आणि त्या काळच्या प्रतिकूल बाजूची नेहमीची व्यूहरचना या व्याख्येत नेमकी बसते.

चीनच्या ठरावावर हा भार कसा वाहायचा? भोळा स्पर्धक पेकिंगचे (आजच्या बीजिंगचे) सरकार वाटते तितके वाईट नाही असे दाखवायला निघाला असता, आणि १९५४ च्या अमेरिकेत कोणत्याही परीक्षकासमोर पहिल्या दहा मिनिटांतच संपला असता. जाणता स्पर्धक उलट वाटेने जातो. ते सरकार वाईट आहे, शत्रू आहे, हे तो आरंभीच मान्य करून टाकतो, आणि मग विचारतो की शत्रूशी बोलायचे कुठून? राजनैतिक मान्यता म्हणजे प्रशस्तिपत्रक नव्हे. एखाद्या भूभागावर अमुक सरकारची प्रत्यक्ष सत्ता चालते या वस्तुस्थितीची ती नोंद आहे, आणि त्या नोंदीतून दूतावास, वाटाघाटी, आपल्या नागरिकांचे संरक्षण ही साधने हाती येतात. दाखला घरचाच होता : बोल्शेविक क्रांतीनंतर सोळा वर्षे नाकारलेली मान्यता अमेरिकेने नोव्हेंबर १९३३ मध्ये सोव्हिएत संघाला दिली, आणि त्यामुळे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट कम्युनिस्ट ठरले नाहीत.

प्रतिकूल बाजूकडेही घरचेच दाखले होते. १९३२ मध्ये परराष्ट्रमंत्री स्टिमसन यांनी जपानने बळाने मिळवलेल्या मांचुरियातील सत्तेला मान्यता नाकारली होती, म्हणजे अमेरिकेसाठी मान्यता ही कोरी नोंद कधीच नव्हती, तिला नैतिक वजन होते. त्याहीपूर्वी जेफरसन यांनी राष्ट्राच्या इच्छेने बनलेले सरकार हा मान्यतेचा निकष सांगितला होता, आणि ती इच्छा चीनमध्ये केव्हा आणि कशी व्यक्त झाली असा रोखठोक प्रश्न त्यातून निघतो. मान्यतेने वस्तुस्थितीची केवळ नोंद होते की मान्यतेनेच राज्य कायद्याच्या दृष्टीने घडते, हा आंतरराष्ट्रीय कायद्यातला जुना आणि खरा मतभेद आहे. विशीतल्या विद्यार्थ्याला तो पाठ्यपुस्तकातून क्वचितच उमगला असता. आज एका बाजूने आणि उद्या दुसऱ्या बाजूने लढवताना तो अंगवळणी पडतो.

नोव्हेंबरमध्ये पेकिंगने ११ हवाईसैनिकांसह १३ अमेरिकनांना हेरगिरीच्या आरोपाखाली शिक्षा सुनावल्या. व्यूहरचनेच्या दृष्टीने ही बातमी दुधारी आहे. प्रतिकूल वक्ता म्हणणार, आमची माणसे डांबणाऱ्यांना आम्ही दूतावास द्यायचा? अनुकूल वक्ता म्हणणार, दूतावास असता तर त्या माणसांविषयी बोलायला संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांना मध्यस्थ म्हणून धाडावे लागले नसते. जानेवारी १९५५ मध्ये सरचिटणीस हॅमरशोल्ड खरोखरच पेकिंगला गेले. हवाईसैनिक सुटले ते ऑगस्टमध्ये. एकच वस्तुस्थिती दोन्ही पारड्यांत पडू शकते, आणि ती कुठे पडेल हे आपण तिला कोणत्या पायरीशी जोडतो, दोषाशी की उपायाशी, यावर ठरते. हे शिकण्यासाठी याहून चांगला विषय सापडणे कठीण होते.

आता बंदीकडे वळून पाहावे. अनुकूल बाजूचे मध्यवर्ती विधान असे होते, की एखाद्या सरकारला मान्यता देणे म्हणजे त्याला संमती देणे नव्हे. बंदीमागचे मध्यवर्ती गृहीत असे होते, की एखादे मत मांडणे म्हणजे त्याला संमती देणेच होय. ज्या फरकासाठी स्पर्धक दहा मिनिटे झगडणार होता, तो फरक त्याच्या वरिष्ठांनी त्याला तोंड उघडण्यापूर्वीच नाकारला. आणि त्यात उपरोध असा, की महाविद्यालयीन वादविवादाची राष्ट्रीय अंतिम स्पर्धा १९४७ पासून वेस्ट पॉइंटच्याच आवारात भरत असे. १९५५ च्या वसंत ऋतूतही ती तिथेच भरली आणि अलाबामा विद्यापीठाने जिंकली. यजमानांच्या सभागृहांत पाहुणे चीनला मान्यता मागत होते आणि यजमानांच्या विद्यार्थ्यांना ती मुभा नव्हती.

मर्फी यांचा आक्षेप

प्रकरण इथेच संपले असते, तर अकादम्यांना दोष देऊन मोकळे होता आले असते. पण १९५७ मध्ये इलिनॉय विद्यापीठाचे रिचर्ड मर्फी यांनी दोन्ही बाजूंनी वाद घालण्याच्या नैतिकतेवर लेख लिहिला, आणि त्यांचा आक्षेप लष्करी नव्हता. विषय वादग्रस्त आहे म्हणून टाळा, असे त्यांचे म्हणणे मुळीच नव्हते. त्यांचे म्हणणे असे, की वादविवाद हा जाहीर भाषणाचाच प्रकार आहे, आणि जाहीरपणे बोललेल्या शब्दामागे बोलणाऱ्याची निष्ठा असते असे ऐकणारा धरून चालतो. विद्यार्थ्याने दोन्ही बाजूंचा अभ्यास करावा, खोलीत बसून हव्या तितक्या चर्चा कराव्यात, त्यातून आपले मत काय ते शोधावे, आणि मग जाहीरपणे तेवढेच मांडावे. या विचाराला जुना आधारही होता : थिओडोर रूझवेल्ट यांनी १९१३ च्या आत्मचरित्रात, पटो वा न पटो, नेमून दिलेली बाजू लढवायला लावणाऱ्या स्पर्धांविषयी आपली नापसंती स्वच्छ नोंदवून ठेवली आहे.

मर्फींना मिळालेले पहिले उत्तर व्यवहारी होते. बटलर विद्यापीठाचे निकोलस क्राइप यांच्यासारख्या प्रशिक्षकांनी स्पर्धेतला वादविवाद आणि जाहीर सभेतला वादविवाद यांत रेषा ओढली. स्पर्धेच्या खोलीत एक परीक्षक, चार वक्ते, एक वेळनोंद करणारा आणि फार तर दोन-चार मित्र असतात. परीक्षक ठराव खरा की खोटा यावर मत देत नाही. कोणत्या चमूने वाद अधिक चांगला घातला एवढेच तो ठरवतो. तिथे कोणाची फसवणूक होत नाही, कारण कोणीही वक्त्याचे शब्द त्याची शपथ म्हणून ऐकत नाही. शिवाय सहा-आठ फेऱ्यांच्या स्पर्धेत सर्वांना आपापल्या आवडीची बाजू दिली, तर जोड्याच लागणार नाहीत. चीनच्या ठरावावर किती जणांनी स्वेच्छेने अनुकूल बाजू मागितली असती?

हे उत्तर मला बरोबर वाटते, पण त्याची किंमत मोठी आहे, आणि ती किंमत देणाऱ्यांनी तेव्हा ती मोजली नव्हती. स्पर्धा हा निव्वळ सराव आहे असे म्हटले, की आमच्या स्पर्धांतून लोकशाहीचे नागरिक घडतात हा दुसरा दावा लंगडा पडतो. जिम्नॅशियममध्ये उचललेले वजन कोणाच्या घरी पोचत नाही. शिवाय सराव म्हणून परीक्षकापुरते बोलायचे ठरले, की बोलणे हळूहळू परीक्षकापुरतेच घडत जाते. पुढच्या दशकांत अमेरिकी महाविद्यालयीन वादविवादात भाषणाचा वेग इतका वाढला, की बाहेरच्या श्रोत्याला त्यातले अवाक्षर कळेना. त्या वाढीची कारणे अनेक आहेत, पण श्रोता नसलेली खोली हे त्यांतले एक आहे असे मी मानतो. मर्फी यांचा मूळ मुद्दा श्रोत्याविषयीचा होता, आणि क्राइप यांनी त्याला उत्तर दिले ते श्रोताच वगळून.

आपल्याकडचे वाचक इथे लगेच पूर्वपक्षाची आठवण काढतील. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याहून चांगले मांडायचे आणि मग ते खोडायचे, ही आपली जुनीच रीत आहे, असे सांगितले जाते. ती रीत थोर आहे, पण मर्फींना ते उत्तर होत नाही. उलट शास्त्री मर्फींच्याच बाजूला उभे आहेत. पूर्वपक्ष कितीही जोरात मांडला तरी शास्त्र्याचा सिद्धांत शेवटी येतो आणि त्याची निष्ठा कुठे आहे हे श्रोत्याला कळते. स्पर्धकाच्या भाषणात सिद्धांत येतच नाही. दुपारच्या फेरीत तो सकाळच्या आपल्याच म्हणण्याला पूर्वपक्ष करून टाकतो. महाराष्ट्रातील अनेक आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत एका महाविद्यालयाचे दोन विद्यार्थी असतात, एक अनुकूल आणि एक प्रतिकूल, त्यामुळे दोन्ही बाजूंचा भार एकाच जिभेवर पडत नाही आणि हा प्रश्न टोकाला जात नाही. कोणी कोणती बाजू घ्यायची हे तिथेही पुष्कळदा निष्ठेवर न ठरता चिठ्ठीवर किंवा कोणाला काय ‘जमेल’ यावर ठरते, ही गोष्ट वेगळी.

न्यायसूत्रांतच दुसरीकडे अधिक उपयोगी धागा सापडतो. तिथे तत्त्वबोधासाठी गुरुशिष्यांत चालतो तो वाद, आणि जिंकण्यासाठी, छल वगैरे साधने वापरून चालतो तो जल्प. स्पर्धा हा उघडपणे जल्प आहे. पण सूत्रकार जल्प आणि वितंडा यांना टाकाऊ ठरवत नाहीत; कोवळ्या अंकुराच्या रक्षणासाठी काटेरी फांद्यांचे कुंपण घालावे, तसे तत्त्वनिश्चयाच्या रक्षणासाठी जल्प-वितंडा, असे ते म्हणतात. प्रश्न एवढाच, की कुंपणाच्या आत अंकुर आहे ना? वर्षभर चीनवर बोलून ज्या विद्यार्थ्याला शेवटी चीनविषयी काहीच वाटले नाही, त्याने मोकळ्या जमिनीला कुंपण घातले.

डे यांचे उत्तर, आणि उरलेला भाग

१९६६ मध्ये डेनिस डे यांनी वादाची मांडणीच फिरवली. लोकशाहीत निर्णय सामूहिक असतो, आणि तो चांगला व्हावा यासाठी सर्व बाजूंचे सर्वोत्तम युक्तिवाद समोर यावे लागतात. ज्या मताला त्या क्षणी वकील मिळत नाही, त्याची वकिली करणे हे म्हणून निष्ठाहीन कृत्य नव्हे; आपल्या वैयक्तिक निष्ठेपेक्षा मोठ्या निष्ठेपोटी केलेले ते काम आहे. सराव म्हणून पळवाट न काढता, दोन्ही बाजूंनी बोलण्यालाच नैतिक कर्तव्याचा दर्जा देणारे हे पहिले भक्कम उत्तर. २००५ मध्ये ग्रीन आणि हिक्स या अभ्यासकांनी त्यावरही बोट ठेवले : निष्ठा मताकडून काढून वादप्रक्रियेकडे वळवणे हेच शीतयुद्धकालीन अमेरिकेच्या स्वप्रतिमेचे एक अंग होते, आम्ही असे लोक आहोत जे शत्रूचीही बाजू मांडू देतो, ही ती प्रतिमा.

ती टीका मान्य करूनही मी १९५४ च्या स्पर्धकांच्या बाजूला राहीन, आणि त्याचे कारण डे यांच्याहून साधे आहे. त्या वर्षी मान्यतेला उघड पाठिंबा देण्याची राजकीय किंमत इतकी होती, की ज्यांना ती बाजू मनापासून पटली होती त्यांनाही ती उघड मांडता येणे अवघड होते. नेमून दिलेली बाजू हे त्यांच्यासाठी संरक्षण होते : मी हे बोलतो आहे कारण माझ्या पाळीला हे आले आहे. मर्फींची अट लागू केली असती, तर अनुकूल बाजूने उभा राहणारा प्रत्येक विद्यार्थी चीनचा समर्थक म्हणून नोंदला गेला असता. ज्याच्या प्रामाणिकपणासाठी मर्फी लढत होते, त्याच विद्यार्थ्याला अशा काळात गप्प बसावे लागले असते. शांत काळात मर्फींचे म्हणणे मला अधिक जड वाटते. तेव्हा दोन्ही बाजू लढवण्याची सवय निव्वळ चलाखी होऊन बसण्याचा धोका खरा असतो, आणि स्पर्धा जिंकत गेलेल्या मुलांत ती चलाखी मी पाहिली आहे.

वेस्ट पॉइंट १९६६ पर्यंत अंतिम स्पर्धेचे यजमान राहिले. अमेरिकेने पेकिंगच्या सरकारला मान्यता दिली ती १ जानेवारी १९७९ रोजी, म्हणजे १९५४ चे स्पर्धक चाळिशीत आल्यावर. त्या वेळच्या संयुक्त निवेदनात अमेरिकेने चिनी लोकसत्ताकाच्या सरकारला चीनचे एकमेव वैध सरकार म्हणून मान्यता दिली. तैवान हा चीनचा भाग आहे या चिनी भूमिकेबाबत मात्र इंग्रजी मजकुरात मुद्दाम दुसरे, सौम्य क्रियापद वापरले, ज्याचा अर्थ ‘दखल घेणे’ इतकाच होतो. चिनी मजकुरात दोन्ही ठिकाणी शब्द एकच आहे.